कॅमशाफ्ट कसा निवडायचा? रोजच्या गाडीसाठी सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

इन्स्टावर रील पाहता पाहता 'स्टेज टू कॅम टाकला, गाडी उडायला लागली' असं कुणीतरी म्हणतं आणि आपल्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. माझ्याही डोक्यात वळवळला होता, २०१८ मध्ये. दोनशेच्या आसपास सीसीची, एका सिलिंडरची, कार्बोरेटरवाली माझी गाडी. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून कॅम मागवला, अमरावतीत घरीच बसवला आणि आठ दिवस चौकाचौकात आवाज ऐकवत फिरलो.

नवव्या दिवशी आतेभावाला मागे बसवून अकोल्याला निघालो. त्याची पॉलिटेक्निकची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बोरगाव मंजूच्या अलीकडे एका ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून पूर्ण पिळली. आतून टकटक असा आवाज आला आणि इंजिन बंद. इनटेक वॉल्व्ह वाकला होता, पिस्टनवर नखाएवढी खूण उठली होती. परीक्षेची वेळ गेली आणि तो विषय त्याला पुढच्या सेमिस्टरला पुन्हा द्यावा लागला. गाडी छोट्या हत्तीत टाकून आणली.

अकोल्यातल्या मिस्त्री काकांनी हेड उघडल्यावर एकच विचारलं, "कॅमचं कार्ड कोठी हाय बावा?" मी म्हटलं, कार्ड म्हणजे? ते हसले नाहीत. म्हणाले, "बिना कार्डाचा कॅम म्हंजे बिना पत्त्याचं पाकीट. कुठी जाईन, कोनाले माहीत?"

आता तोच आतेभाऊ अकोल्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, रोज मूर्तिजापूरहून येणं-जाणं करतो आणि गेल्या महिन्यात मला म्हणाला, "दादा, गाडीत कॅम टाकू का?" त्याला जे समजावून सांगितलं, तेच या लेखात लिहितोय. आरएक्स १०० वाल्यांनो, तुम्ही मात्र निवांत राहा. तुमचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात कॅमही नाही आणि कॅमने उघडणारे वॉल्व्हही नाहीत.

## कॅम नेमकं करतो काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेक वॉल्व्ह आणि जळालेला धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह असतो. हे वॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे, हे कॅमच्या अंड्यासारख्या उंचवट्यावर ठरतं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणजे टॅकोमीटरवर ६००० आरपीएम दिसत असेल तर कॅम ३००० ने फिरतोय.

समजायला एसटी बसचं उदाहरण घ्या. सणाच्या दिवशी स्टँडवर बस लागली. दार किती रुंद उघडलं, ती झाली लिफ्ट. दार किती वेळ उघडं राहिलं, ते झालं ड्युरेशन. आणि उतरणारे अजून दारात असतानाच चढणारे घुसू लागले, तर तो ओव्हरलॅप.

बस झटपट सोडायची असेल आणि उतरणाऱ्यांचा लोंढा जोरात असेल, तर त्यांच्या मागोमाग चढणारेही सरसर आत जातात. पण उतरणारे रेंगाळत असतील तर दारातच रेटारेटी होते आणि चढणारा उलटा बाहेर ढकलला जातो. इंजिनाचं असंच आहे. जास्त आरपीएमला बाहेर जाणारा धूर ताज्या हवेला आत ओढायला मदत करतो. कमी आरपीएमला तोच ओव्हरलॅप जळालेला धूर परत इनटेकमध्ये शिरू देतो. मोठ्या कॅमची गाडी सिग्नलवर 'ढब... ढब... ढब' करत थरथरते, ती यामुळेच. त्या आवाजावर आपण फिदा होतो, पण खरं तर ते इंजिन त्या क्षणी नीट श्वास घेत नसतं.

## कॅम कार्डवरचे आकडे कसे वाचायचे?

चांगल्या कॅमसोबत एक कागद येतो, तेच कॅम कार्ड. त्यावर मुख्य चार गोष्टी पाहायच्या.

१. लिफ्ट. वॉल्व्ह आपल्या बैठकीपासून जास्तीत जास्त किती मिलिमीटर उचलला जातो. काही जण कॅमच्या उंचवट्याची लिफ्ट लिहितात, काही जण वॉल्व्हची. मध्ये रॉकर असला तर त्याच्या गुणोत्तरामुळे दोन्ही आकडे वेगळे निघतात. कोणती लिहिलीय ते आधी विचारा.

२. ड्युरेशन. क्रँकच्या किती अंशांपर्यंत वॉल्व्ह उघडा राहतो. इथे मोठी गंमत होते. कुणी वॉल्व्ह जरासा हलल्यापासून मोजतो, कुणी १ मिमी उचलल्यापासून. एकाच कॅमचं ड्युरेशन पहिल्या पद्धतीत बरंच मोठं दिसतं. त्यामुळे 'हा २७० अंशांचा कॅम आहे' या वाक्याला, किती लिफ्टवर मोजलं हे सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. दोन कॅमची तुलना नेहमी एकाच मोजणीवर करा.

३. ओव्हरलॅप. दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी किती अंश उघडे असतात.

४. लोब सेंटर. इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत. ड्युरेशन तेच ठेवून हे अंतर कमी केलं तर ओव्हरलॅप वाढतो. वाढवलं तर ओव्हरलॅप घटतो आणि गाडी स्लोवर शांत राहते.

हिशोब अगदी सोपा आहे. इनटेक वॉल्व्ह पिस्टन वर पोहोचण्याच्या १० अंश आधी उघडला आणि पिस्टन तळाला जाऊन आल्यावर ४० अंशांनी मिटला, तर ड्युरेशन = १० + १८० + ४० = २३० अंश. एक्झॉस्ट वॉल्व्ह पिस्टन वर पोहोचल्यानंतर ८ अंशांनी मिटत असेल, तर ओव्हरलॅप = १० + ८ = १८ अंश. झालं!

## तीन कॅम, एकच इंजिन

खालचे आकडे कुठल्या कंपनीचे नाहीत, फक्त समजण्यासाठी घेतलेत. तिन्हींची मोजणी एकाच लिफ्टवर केलीय असं धरा.

| | कंपनीचा कॅम | सौम्य कॅम | रेसचा कॅम |
|---|---|---|---|
| इनटेक उघडतो (वरच्या टोकाआधी) | १०° | १८° | ३४° |
| इनटेक मिटतो (तळानंतर) | ४०° | ४६° | ६६° |
| इनटेक ड्युरेशन | २३०° | २४४° | २८०° |
| एक्झॉस्ट मिटतो (वरच्या टोकानंतर) | ८° | १६° | ३२° |
| ओव्हरलॅप | १८° | ३४° | ६६° |

या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती? बहुतेक जण ड्युरेशन म्हणतील. माझ्या मते दुसरी ओळ, इनटेक कधी मिटतो.

कारण पिस्टन तळातून वर यायला लागला तरी इनटेक वॉल्व्ह उघडा असेल, तर दाब तयारच होत नाही. खरा दाब वॉल्व्ह मिटल्यावर सुरू होतो. इंजिनाचं कागदावरचं कॉम्प्रेशन ९.५:१ आहे असं धरा आणि कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या १.८ पट लांब. वॉल्व्ह मिटल्यानंतर उरलेल्या स्ट्रोकवर हिशोब केला तर हाती येतं ते असं:

- कंपनीचा कॅम: सुमारे ८.८:१
- सौम्य कॅम: सुमारे ८.५:१
- रेसचा कॅम: सुमारे ७.५:१

म्हणजे पैसे देऊन आपण खालच्या आरपीएमचा दाब घालवला. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला एवढा वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती शिरत राहते, त्यामुळे तिथे भरपाई होते आणि वर फायदा मिळतो. पण गर्दीत ३००० आरपीएमला ती भरपाई होत नाही. म्हणूनच मोठा कॅम टाकणारे लोक उंच पिस्टन टाकून किंवा हेड घासून कॉम्प्रेशनही वाढवतात. एकाला हात लावला की दुसऱ्याला लावावाच लागतो.

## पॉवर नेमकी येते कुठून?

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. किलोवॅटमध्ये हवी असेल तर न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची स्प्लेंडर प्लस घ्या. ९७.२ सीसी, ८.०५ न्यूटन-मीटर टॉर्क ६००० आरपीएमला आणि ५.९ किलोवॅट पॉवर ८००० आरपीएमला. सूत्रात टाकून पाहा: ६००० ला पॉवर निघते ५.०६ किलोवॅट. आणि ८००० ला टॉर्क निघतो फक्त ७.०४ न्यूटन-मीटर. म्हणजे टॉर्क घसरला तरी फेरे वाढले म्हणून पॉवर वाढली.

मोठा कॅम हेच करतो. टॉर्कचा डोंगर उचलून उजवीकडे, जास्त आरपीएमकडे सरकवतो. कागदावरची पॉवर वाढते, पण डोंगर सरकला की डावीकडे खड्डा पडतो. प्रश्न एवढाच, तुम्ही रोज डोंगरावर असता की खड्ड्यात?

याउलट शेतातलं इंजिन पाहा. किर्लोस्करचं ५ हॉर्सपॉवरचं एव्ही-१ डिझेल इंजिन १५०० आरपीएमला चालतं. त्याला ना सिग्नल ना ओव्हरटेक. पाणी उपसत एकाच वेगाने तासन् तास चालायचं, म्हणून त्याचा कॅमही तेवढ्याच कामाचा बेतलेला. कॅम चांगला की वाईट असं नसतंच, कोणत्या आरपीएमसाठी आहे एवढंच असतं.

## मोबाइल वापरून शोधा: तुमचं इंजिन कुठे फिरतं?

हा लेखाचा सगळ्यात कामाचा भाग. आतेभावाला मी कॅमचं नाव काढायच्या आधी हे करायला लावलं.

1. एखादा जुना फोन टॅकोमीटर दिसेल असा घट्ट बसवा आणि व्हिडिओ सुरू करून ठेवा. चालवताना त्याला हात लावायचा नाही.
2. रोजच्या रस्त्याने रोजच्यासारखी गाडी चालवा. मुद्दाम पिळू नका.
3. घरी येऊन दर ३० सेकंदांनी व्हिडिओ थांबवा आणि आरपीएम वहीत लिहा.
4. मग गट पाडून मोजा.

जुना फोन का? मोटरसायकलच्या जोरदार कंपनांमुळे कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा खराब होऊ शकते. ॲपलने आयफोनबद्दल २०२१ मध्येच तसा इशारा दिलाय. दिवाळीला घेतलेला नवा फोन हँडलला लावू नका.

टॅकोमीटर नसेल तर आवाजावरूनही काढता येतं. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक धमाका होतो. आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप वापरा आणि धमाक्याच्या हर्ट्झला १२० ने गुणा. ५० हर्ट्झ म्हणजे ६००० आरपीएम.

मूर्तिजापूर ते अकोला जाऊन-येऊन, शहरातली गर्दी धरून, आतेभावाचा ११० मिनिटांचा व्हिडिओ निघाला. २२० नोंदी:

- ३००० च्या खाली: ३१
- ३००० ते ४५००: ५२
- ४५०० ते ६०००: ११८
- ६००० ते ७५००: १७
- ७५०० च्या वर: २

२२० पैकी २०१ नोंदी ६००० च्या खाली! आणि त्याला जो 'स्टेज टू' कॅम हवा होता, त्याचा फायदा ७००० नंतर सुरू होतो असं विक्रेता स्वतःच लिहीत होता. म्हणजे दिवसभरात एखाद्या मिनिटाच्या मजेसाठी उरलेल्या वेळात गाडी मेंगळट करून घ्यायची.

यात रस्त्याचाही हात आहे. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना दरम्यान ७५ किमीचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा सरळ रस्त्यावर माणूस वरच्या गिअरमध्ये एकाच वेगाने जातो. तिथे लागतो मधल्या आरपीएमचा दम.

## वऱ्हाडचं ऊन आणि चिखलदऱ्याचा घाट

पुण्या-मुंबईच्या गाडीला चाललेला सेटअप आपल्याकडे तसाच चालेल असं नाही.

ऊन: अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ६ टक्के विरळ असते. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढा दम कमी. सौम्य कॅमने जे कमावलं, त्यातलं बरंच मेच्या दुपारी आपोआप जातं. वर कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल तर गरम हवेत नॉकिंगचा धोका वाढतो. चढावर थ्रॉटल दिल्यावर खळखळ आवाज आला, तर तो कौतुकाचा आवाज नाही. पिस्टन मार खातोय.

घाट: अमरावती शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, चिखलदरा सुमारे १११८ मीटरवर. वर हवेचा दाब अमरावतीपेक्षा जवळपास ९ टक्के कमी. परतवाड्यातून वर चढताना वळणावळणावर दुसरा-तिसरा गिअर, ३००० ते ५००० आरपीएम आणि मागे डबलसीट. मोठ्या कॅमचा खड्डा नेमका इथेच असतो. माझी गाडी त्या आठ दिवसांत एकदा घाटात नेली होती. प्रत्येक वळणावर क्लच धरून रेस करावी लागत होती.

## कॅमसोबत काय काय तपासायचं?

माझा वॉल्व्ह का वाकला? लिफ्ट जास्त, पण स्प्रिंग कंपनीचीच. जास्त आरपीएमला स्प्रिंगला वॉल्व्ह वेळेत परत बसवता आला नाही. वॉल्व्ह हवेत तरंगला आणि वर येणाऱ्या पिस्टनने त्याला ठोकलं. विक्रेत्याने सांगितलं नाही हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं. म्हणून ही यादी:

- पिस्टन आणि वॉल्व्हमधलं अंतर. पिस्टनवर मुलांच्या खेळातली क्ले लावून, हेड कसून, टायमिंग लावून हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवायचा. हेड काढून क्ले सगळ्यात पातळ कुठे झाली ते मोजायचं. सावध राहायचं तर इनटेकला किमान दीड आणि एक्झॉस्टला २ मिमी ठेवा. फिरवताना अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका.
- स्प्रिंग. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, साधारण १ मिमी जागा उरली पाहिजे. स्प्रिंगची वरची वाटी गाईडच्या सीलवर आपटत नाही ना, तेही पाहा.
- रॉकर. रोलर रॉकरसाठी घासलेला कॅम सपाट पॅडच्या रॉकरवर चालत नाही आणि उलटही. उंचवट्याचा आकारच वेगळा असतो.
- डीकॉम्प्रेशनची कळ. सेल्फने सहज सुरू व्हावी म्हणून काही कॅमवर छोटी कळ असते. नव्या कॅमवर ती नसेल तर स्टार्टरवर ताण येतो.
- टायमिंग. समजा कॅमच्या चक्राला ३४ दाते आहेत. एक दाता चुकला की कॅम १०.६ अंश सरकला, म्हणजे क्रँकचे २१ अंश. नुसत्या खुणा जुळवून थांबू नका, डिग्रीची चकती लावून कार्डाशी ताळा करा.
- टॅपेट. नव्या कॅमचं क्लिअरन्स कार्डावर वेगळं असू शकतं. २००९ नंतरच्या क्लासिक ३५० च्या पुशरॉड इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट होते, तिथे क्लिअरन्स सेट करायचा प्रश्नच नव्हता.
- कार्बोरेटर. जेट बदलावे लागतात. स्लो आणि मेन, दोन्ही.

## नवा कॅम की घासलेला?

आपल्याकडे बरेच लोक जुनाच कॅम ग्राइंडिंगवाल्याकडून घासून घेतात. यात उंचवटा वाढवत नाहीत, खालचा गोल भाग घासून कमी करतात, म्हणजे फरक वाढतो. युक्ती बरोबर आहे, पण कॅमच्या पृष्ठभागाला दिलेला कडकपणा वरच्या थरापुरताच असतो. तो थर घासला गेला तर कॅम मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत झिजून सपाट होतो. शिवाय खालचा गोल लहान झाला की टॅपेटचा स्क्रू नेहमीच्या पट्ट्यात बसेल का, तेही पाहावं लागतं. घासणारा माणूस मोजून कार्ड लिहून देत असेल आणि कडकपणा तपासत असेल तरच हा मार्ग धरा.

## इंजेक्शनवाल्या गाड्यांचं काय?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. यातल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर. इंजिनाचा मेंदू कंपनीच्या कॅमप्रमाणे शिकवलेला असतो. कॅम बदलला आणि मॅप तोच राहिला, तर हवा एक हिशोबाने येते आणि पेट्रोल दुसऱ्या.

पण कंपन्यांनीच हा तिढा सोडवायचा मार्ग काढलाय. यामाहाच्या आर१५ च्या २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत व्हीव्हीए आहे. इनटेकसाठी कॅमवर दोन उंचवटे, एक सौम्य आणि एक मोठा. ७४०० आरपीएमला गाडी आपोआप मोठ्यावर जाते. होंडाने हीच कल्पना व्हीटेक नावाने १९८९ मध्ये जपानमधल्या इंटिग्रा कारमध्ये आणली होती. म्हणजे 'गर्दीत शांत आणि वर तुफान' हे एका साध्या कॅमने होत असतं, तर इंजिनिअरांनी दोन उंचवट्यांचा एवढा खटाटोप केला असता का?

## कायदा काय म्हणतो?

हे वगळून लेख लिहिला तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) प्रमाणे, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बोअर वाढवला की सीसी बदलते, ते तर सरळच अंगाशी येतं.

कॅम बाहेरून दिसत नाही, पण पीयूसीमध्ये बोलतो. ओव्हरलॅप वाढला की न जळलेलं पेट्रोल स्लोवर सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि पेट्रोल गाडीची चाचणी स्लोवरच होते. वॉरंटी जाते, अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी प्रश्न विचारते. त्यामुळे मोठा कॅम ट्रॅकच्या गाडीसाठी. एमएच २७ किंवा एमएच ३० ची पाटी लावून रोज कामावर जाणाऱ्या गाडीसाठी नाही.

## मग निवडायचं कसं? सहा पायऱ्या

1. आधी मोजा. वर सांगितलेली आरपीएमची नोंद करा. बहुतेक नोंदी ज्या पट्ट्यात, तोच तुमचा पट्टा.
2. आहे ते नीट करा. टॅपेट, टायमिंग चेनचा ढिलेपणा, एअर फिल्टर, प्लग, क्लच. चेन ताणून लांबली की कॅम उशिरा चालतो आणि खालचा दम जातो. बऱ्याच 'मेलेल्या' गाड्या इथेच जिवंत होतात.
3. स्प्रॉकेटचा विचार करा. पुढचं स्प्रॉकेट १४ ऐवजी १३ दात्यांचं केलं तर चाकावरचा टॉर्क सुमारे ७.७ टक्के वाढतो, प्रत्येक आरपीएमला. बदल्यात ८० च्या वेगाला इंजिन ५५०० ऐवजी ५९०० च्या आसपास फिरतं, ॲव्हरेज थोडं घटतं. नाही आवडलं तर तासाभरात परत जुनं.
4. तरीही कॅम हवाच असेल आणि कायद्याचा विचार करून झाला असेल, तर ड्युरेशनपेक्षा लिफ्ट थोडी वाढवणारा, इनटेक उशिरा न मिटवणारा, कमी ओव्हरलॅपचा कॅम पाहा. दोन आकारांत अडलात तर लहान घ्या.
5. कार्ड नाही तर कॅम नाही. लिफ्ट, १ मिमीवरचं ड्युरेशन, लोब सेंटर, टॅपेट क्लिअरन्स आणि कोणती स्प्रिंग, ही पाच उत्तरं लेखी मागा.
6. खर्च पूर्ण धरा. कॅम, स्प्रिंग, गॅस्केट, जेट, मजुरी. नुसत्या कॅमच्या किमतीवर निर्णय घेतला की काम अर्धवट राहतं आणि अर्धवट काम रस्त्यात फुटतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅमने ॲव्हरेज कमी होतं का?
रोज कमी आरपीएमला चालवत असाल तर होय. माझ्या गाडीचं त्या आठ दिवसांत ३८ वरून २९ वर आलं होतं.

फक्त सायलेन्सर आणि फिल्टर बदलला तर?
आवाज बदलेल. मिश्रण पातळ होऊन इंजिन गरम चालण्याची शक्यताही असते. आणि सायलेन्सरवर पोलिसांची नजर कॅमच्या आधी जाते.

स्टेज वन, स्टेज टू म्हणजे काय?
याला कुठलंही ठरलेलं माप नाही. एकाचा स्टेज टू म्हणजे दुसऱ्याचा स्टेज वन असू शकतो. आकडे विचारा.

## शेवटी...

आतेभावाच्या गाडीचं काय झालं? वही घेऊन आम्ही मिस्त्री काकांकडे गेलो. त्यांनी २२० नोंदींची यादी पाहिली, टॅपेट कव्हर उघडलं, चेन बोटाने दाबली. "कॅम कायले बदलतं? याची चेनच लोंबून रायली न!" टायमिंग चेन, टेन्शनर आणि टॅपेट सेटिंग. गाडी परत दम द्यायला लागली. स्प्रॉकेट त्याने अजून बदललेलं नाही, म्हणाला गरजच वाटत नाही.

त्या दिवशी बोरगाव मंजूवरून जाताना त्यानेच गाडी बाजूला घेतली. "दादा, इथंच ना?" मी म्हटलं, हो. दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग त्याने सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि तो वेळेत शिफ्टला पोहोचला.